शोधखात्यातला पहिला नंबर

अनंतरावांच्या घराण्यात पहिला नंबर हा प्रकार नव्हताच. भोसल्यांच्या काळात त्यांचे कोणी पूर्वज दफ्तरात कारकून होते, तेही दुय्यम. वडील कचेरीत उपमुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. स्वतः अनंतराव शाळेत कायम दुसरे, कॅरममध्ये उपविजेते आणि नोकरीभर प्रभारी. म्हणजे साहेब रजेवर गेले की खुर्चीत बसायचं आणि साहेब आले की उठायचं. याचं त्यांना वाईट वाटत नसे. म्हणजे वाटत असे, पण कुणाजवळ बोलून दाखवण्याइतकं नव्हे.

म्हणून निवृत्तीनंतर एके दिवशी त्यांनी मोबाइलच्या सर्चमध्ये ‘नागपुरी उखाणे’ असं टाइप केलं आणि साऱ्या जगाच्या यादीत सगळ्यात वर ‘यमुताईंचे उखाणे’ हे घरच्याच वेबसाइटचं नाव आलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. नाव तिथंच होतं. वर कुणीही नव्हतं.

यमुताई म्हणजे त्यांची पत्नी. लग्न असो, डोहाळजेवण असो, महालक्ष्म्यांचं हळदीकुंकू असो, नाव घ्यायची वेळ आली की कॉलनीतल्या बायका यमुताईंचं दार वाजवत. यमुताई त्यांना दोन-चार प्रश्न विचारत. सासर कुठलं, मुलगा काय करतो, बोलका आहे की घुम्या. आणि मेथी निवडता निवडता दोन ओळी हातावर ठेवत. ‘नागपूरच्या उन्हाला वाळ्याच्या ताटीची सावली, अमुकरावांच्या आईत मला सापडली माउली.’ हा उखाणा तर इतक्या नवऱ्यांना लागू पडला होता की कॉलनीतल्या निम्म्या सासवा एव्हाना माउली झाल्या होत्या, आणि त्यातल्या काहींना ते पेलत नव्हतं.

अनंतरावांना टायपिंग येत होतं. बाईचं डोकं आणि बुवांची बोटं अशी ती वेबसाइट तयार झाली. तेव्हापासून सकाळी देवाला फूल वाहिलं की अनंतराव सर्च उघडून आपला नंबर पाहत. या सर्चला ते शोधखातं म्हणत. जिथं नावांची क्रमवार यादी लागते ते खातंच असलं पाहिजे, असा त्यांचा नोकरीभरचा अनुभव होता.

आणि एका मंगळवारी नाव गेलं.

पहिल्या जागी भलतंच कोणी होतं. दुसऱ्या जागीही. अनंतराव खाली खाली जात राहिले. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर बऱ्याच खाली, एका बॅनर छापणाऱ्याच्या आणि एका केटररच्या मधोमध, ‘यमुताईंचे उखाणे’ अंग चोरून उभे होते. त्या दिवशी त्यांनी चहा गार होऊ दिला आणि वर्तमानपत्र उलटं धरलं.

शेजारचे रामाजी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे दात घासत होते. रामाजी मूळचे मौद्याकडचे. गावची धानाची शेती अजून स्वतः पाहत आणि उरलेल्या वेळात कॉलनीतल्या प्रत्येकाच्या अडचणीत मनापासून लक्ष घालत.

“काहून गा अनंतराव, घरात कोणी बिमार आहे काय?”

“नंबर गेला,” अनंतराव म्हणाले.

“मोबाइलचा?”

“पहिला नंबर. शोधखात्यातला. आपल्याला दुसऱ्या पानावर टाकलं.”

रामाजींनी चूळ भरली. “म्हणजे बदली झाली म्हणा.”

अनंतरावांना तो शब्द फार पटला. सकाळपासून जे छातीत दाटलं होतं त्याला नेमकं नाव मिळालं.

“मग भेटून या ना,” रामाजी म्हणाले. “सिव्हिल लाइन्सले असन त्याईचं ऑफिस. सारी ऑफिसं तिकडंच आहेत.”

“याचं ऑफिस नसते रामाजी.”

“ऑफिस नाही अन् बदल्या करते?” रामाजींना हे खातं मनातून उतरलं. “मोठंच हरामखोर दिसते.”

रामाजींच्या पत्नी शामलाबाईंनी मोबाइलची मीठमोहरीनं दृष्ट काढायला सांगितली. अनंतरावांनी आपण शिकलेले आहोत असं सांगून नकार दिला. नंतर स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून मोहरी ओवाळली, कारण शिकलेल्या माणसानं कुठलीही शक्यता तपासल्याशिवाय सोडू नये. मोहरी तडतडली, नंबर होता तिथंच राहिला.

मग त्यांनी रीतसर मार्ग धरला. सर्चच्या पानावर तळाशी अभिप्राय लिहायला एक चौकट असते. लोक तिथं एखादं वाक्य लिहितात. अनंतरावांनी तिथं अर्ज लिहिला. विषय, क्रमांक पूर्ववत करून मिळण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. शेवटी ‘प्रत माहितीस्तव, श्रीमती यमुताई, स्वयंपाकघर’ हेसुद्धा घातलं. चौकटीनं ताबडतोब उत्तर दिलं, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. अनंतरावांना समाधान वाटलं. नोकरीत त्यांना अर्जाची पोच इतक्या लवकर कधीच मिळाली नव्हती. पुढल्या आठवड्यात त्यांनी स्मरणपत्र दिलं, त्याचीही पोच तितक्याच तत्परतेनं आली, आणि तेव्हा मात्र त्यांच्या मनात शंका चुकचुकली. इतकं तत्पर खातं काम करत नसतं.

“अहो, गेला नंबर तर गेला,” यमुताई म्हणाल्या. “बायका माझ्याकडं येतात त्या काय नंबर पाहून येतात?”

“तुझ्या नावाचा प्रश्न आहे,” अनंतराव म्हणाले.

ते अर्धं खरं होतं. नाव यमुताईंचं असलं तरी पहिला नंबर अनंतरावांचा होता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. यमुताईंनी तो विषय वाढवला नाही आणि फोडणी दिली.

शेवटी कुणीतरी ऋषीचं नाव सांगितलं. ऋषीचं धरमपेठेत वेबसाइट वर आणून देण्याचं ऑफिस होतं. थंडगार खोलीत बसून तो दुसऱ्यांच्या वेबसाइटचा ताप उतरवत असे.

“काका, अपडेट आला,” ऋषी पडद्याकडे पाहत म्हणाला.

“कुणाचा?”

“सर्चचा. मधूनमधून नियम बदलतात. वरचे खाली येतात, खालचे वर जातात.”

“आधी नोटीस काढतात का?”

“नाही.”

“हरकती मागवतात?”

“काका, तसं काही नसतं. आता तुमचं पान पाहा. किती पातळ आहे. दोन ओळी आणि संपलं. सर्चला कळलं पाहिजे पान कशाबद्दल आहे ते. लोक ज्या शब्दांनी शोधून राहिले ते शब्द पानात यायला पाहिजे. मथळ्यात, मजकुरात.” आणि त्यानं ते शब्द अनंतरावांना पाठवले. नवीन उखाणे, सोपे उखाणे, नवरीचे उखाणे, माझ्या जवळपास उखाणे.

“माझ्या जवळपास?”

“लोक असंच शोधतात काका.”

अनंतराव घरी आले ते परिपत्रक मिळालेल्या माणसाच्या उत्साहानं. पुढले काही दिवस ते नुसते टाइप करत होते. प्रत्येक उखाण्याच्या आधी त्यांनी मजकूर घातला. उखाणा म्हणजे काय. उखाण्याची आवश्यकता व व्याप्ती. उखाणा घेताना घ्यावयाची खबरदारी. उखाणा न घेतल्यास उद्भवणाऱ्या अडचणी. यमुताईंनी एकदा चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “यात उखाणा कुठं आहे?”

“खाली आहे. शेवटी.”

“तोवर नवरीला पोर होईल.”

अनंतरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मात्र त्यांना एक गोष्ट खटकत होती. मथळ्यात शब्द आले, मजकुरात आले, पण खुद्द उखाण्यात आले नव्हते. वरून आलेला आदेश पाळायचा तर शेवटच्या टेबलापर्यंत पाळायचा, ही त्यांची शिस्त. त्यांनी यमुताईंना भीत भीत विचारलं.

“उखाण्यात दोन ओळी असतात,” यमुताई म्हणाल्या. “त्यात एक नवरा कसाबसा मावतो. तुमचं शोधखातं कुठं बसवू?”

विषय तिथं संपला असं यमुताईंना वाटलं. दुपारी त्या वामकुक्षीला आडव्या झाल्या आणि अनंतरावांनी पहिल्या पानावरच्या पहिल्या उखाण्यात, फक्त नमुन्यादाखल, एक छोटीशी भर घातली. यमुताईंना न विचारता. घोरण्याची लय जरा चुकली की त्यांची बोटं थांबत होती, यावरून आपण काय करत आहोत हे त्यांना चांगलं कळत होतं.

आणि काय सांगावं, थोड्याच दिवसांनी सकाळी सर्च उघडला तर यमुताईंचे उखाणे पुन्हा पहिल्या नंबरवर. अनंतरावांनी अंघोळही न करता संत्रा बर्फी आणली आणि कॉलनीभर वाटली. रामाजींकडे दोन तुकडे जास्त दिले.

“पाहू द्या आम्हालेही,” रामाजी म्हणाले आणि बर्फी तोंडात ठेवून त्यांनी आपल्या मोबाइलवर शोधलं. बराच वेळ त्यांचं बोट खाली खाली सरकत राहिलं. बर्फी संपली तरी बोट सरकतच होतं. “माह्या मोबाइलात तर नाही दिसून राहिलं गा.”

शामलाबाईंच्या मोबाइलवरही नव्हतं. समोरच्या घरात तर तिसऱ्या पानापर्यंत कुणाला सापडलं नाही. अनंतरावांनी ऋषीला फोन लावला. ऋषी हसू दाबत म्हणाला, “काका, तुम्ही रोज तीच साइट उघडता. म्हणून तुमच्या मोबाइलवर तीच आधी येते. फक्त तुमच्याच.”

अनंतरावांनी हे भिंतीपलीकडे सांगितलं. रामाजींनी विचार केला.

“असं पाहा,” ते म्हणाले, “माणूस रोज एकाच घरी जाऊन विचारते, मी कसा आहे? घरवाले काय म्हणन? तुम्हीच एक नंबर, बाप्पा. बसा, चहा घ्या.” मग त्यांना अनंतरावांचा चेहरा दिसला. “पण बर्फी झकास होती.”

वाटलेली बर्फी परत मागता येत नाही. त्यानंतर कॉलनीत कुणीही भेटलं की ‘अभिनंदन’ म्हणे, आणि ते खरं म्हणतात की मुद्दाम, हे अनंतरावांना ओळखू येत नसे. ते चक्कर मारायला मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

सुदैवानं रामाजींच्या घरी लग्न निघालं आणि लोकांना दुसरा विषय मिळाला. मुलगा रोहित, मुलगी भिवापूरची, वेदिका. शेतीशास्त्र शिकलेली, चुणचुणीत, पण नाव घ्यायच्या कल्पनेनं धास्तावलेली. रामाजींच्या थोरल्या बहीण कुसुमताई दारात उभ्या राहून सुनांना अडवत, आणि मनाजोगं नाव घेतल्याशिवाय आत सोडत नसत, ही कीर्ती भिवापूरपर्यंत पोचली होती. शामलाबाईंनी होणाऱ्या सुनेला धीर दिला. यमुताईंची साइट शोधून सापडत नव्हती, म्हणून तिची लिंकच पाठवली आणि खाली लिहिलं, ‘यातला पहिलाच पाठ कर. आमच्या शेजारच्या यमुताईंचा आहे, त्या दारातच उभ्या राहतील. म्हणून एक शब्दही इकडचा तिकडे करू नको.’

वरात भिवापूरहून परतली तेव्हा दुपार कलली होती. दारात मापात तांदूळ भरून ठेवले होते. कुसुमताई चौकटीला हात लावून उभ्या. त्यांच्या बाजूला यमुताई, नव्या इरकल लुगड्यात, आणि जरा मागं अनंतराव, ज्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं.

“घे वं बाई नाव,” कुसुमताई म्हणाल्या. “खणखणीत.”

वेदिकानं डोळे मिटले आणि खणखणीत सुरुवात केली.

“नागपूरच्या उन्हाला वाळ्याच्या ताटीची सावली...”

यमुताईंच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. अनंतरावांना मात्र तेवढ्यात आपण घातलेली भर आठवली.

“...नवीन उखाणे, सोपे उखाणे, नवरीचे उखाणे, नागपूर आणि माझ्या जवळपास सर्वोत्तम उखाणे यांमध्ये रोहितरावांच्या आईत मला सापडली माउली. आणखी उखाण्यांसाठी खाली पाहा.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. खाली माप होतं.

नव्या सुनेचा काही आधुनिक प्रकार असेल म्हणून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि मग कुणाला तरी हसू फुटलं. एकदा फुटल्यावर ते अंगणभर गेलं. बँडवाला हसत होता. रोहित हसू दाबताना लाल झाला होता.

“हे काय म्हटलं वं?” कुसुमताईंनी विचारलं.

“असंच होतं,” वेदिका म्हणाली. तिचे डोळे भरले. “यमुताईंच्या साइटवर असंच लिहून आहे. मी एक शब्दही बदलला नाही.”

यमुताईंनी मागं वळून अनंतरावांकडे पाहिलं. अनंतरावांनी आयुष्यात मेमो खाल्ले होते, साहेबांची बोलणी खाल्ली होती, पण असं पाहणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. इतक्या वर्षांत ज्या नावावर बायका डोळे झाकून विश्वासल्या त्या नावाचं त्यांनी भर दारात हसं करवलं होतं, आणि एक पोर त्यापायी उंबऱ्यावर रडायच्या बेतात होती. त्यांना मनापासून लाज वाटली.

यमुताई पुढे झाल्या. त्यांनी वेदिकाचा पदर सारखा केला आणि कानाशी लागून काही विचारलं. वेदिका नाक ओढत काही म्हणाली. मग यमुताई हळूच काही बोलल्या, मेथी निवडताना बोलत तशाच. वेदिकानं डोळे पुसले आणि मान वर केली.

“भिवापूरची मिरची, मौद्याचा भात,
रोहितरावांचं नाव घेते, आता येऊ द्या आत.”

कुसुमताईंनी चौकटीवरचा हात काढला. “हे झालं नाव,” त्या म्हणाल्या. “ये बाई.” माप लवंडलं, तांदूळ घरभर पसरले आणि बँडवाल्यानं हसणं थांबवून काम सुरू केलं.

घरी आल्यावर यमुताईंनी एकच वाक्य म्हटलं. “माझ्या नावानं छापायच्या आधी मला विचारायचं होतं.” वरण केलं त्यात मीठ बरोबर होतं, म्हणजे राग खरा होता. रागाचं नाटक असलं की मीठ चुकायचं.

सकाळी ऋषीचा फोन आला. तो आनंदानं थरथरत होता. “काका, काय केलं तुम्ही? त्या पानावर लोकांच्या उड्या पडून राहिल्या. ‘आणखी उखाण्यांसाठी खाली पाहा’ टाइप करून करून येऊन राहिले. तुम्ही पहिल्या नंबरवर आहात. सगळ्यांच्या मोबाइलवर.”

वरातीतला प्रत्येक माणूस घरी जाऊन तो उखाणा शोधत होता आणि पाहुण्यांना दाखवत होता. अनंतरावांनी खात्री केली. रामाजींच्या मोबाइलवर पहिला नंबर. समोरच्या घरात पहिला नंबर. त्या ओळीसाठी साऱ्या जगात त्यांना स्पर्धकच नव्हता, कारण असलं काही लिहिणारा दुसरा माणूस जगात नव्हता.

“आता त्या पानाला हात लावू नका,” ऋषी म्हणाला. “यावरच सगळं वर येईल.”

अनंतराव मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. यमुताई पाठमोऱ्या होत्या. घराण्यात पिढ्यान् पिढ्या न मिळालेला पहिला नंबर त्यांच्या तळहातावर होता, अस्सल, सर्व मोबाइलांवर मान्य. तो तसाच ठेवला तर यमुताईंच्या नावावर लोक रोज हसणार होते. त्यांनी ते पान उघडलं आणि काढून टाकण्याचं बटण दाबलं. हे पान कायमचं काढायचं, नक्की? मोबाइलनं विचारलं. या सगळ्या प्रकरणात अनंतरावांचं मत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. नक्की, त्यांनी दाबलं. मग आवश्यकता काढली, व्याप्ती काढली, उद्भवणाऱ्या अडचणी काढल्या. जुनी दोन ओळींची सावली आणि माउली तेवढी जागेवर परत ठेवली.

“काढलं,” ते पाठीला म्हणाले. “चुकलं माझं.”

यमुताईंनी वळून मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं, आणि मग त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. मग त्या पुन्हा ओट्याकडे वळल्या.

दुपारी रामाजींकडे सत्यनारायण होता. प्रसाद झाल्यावर बायकांनी नव्या जोडीला नाव घ्यायला लावलं. वेदिकानं आता स्वतःचंच एक जुळवून घेतलं आणि ते बरं होतं. मग कुसुमताईंची नजर फिरत फिरत यमुताईंवर थांबली.

“दुनियेले नावं शिकवता. तुमचं कधी आइकलं नाही, वहिनी. घ्या आज.”

यमुताई नाही म्हणाल्या. कुसुमताईंनी दाराच्या चौकटीला हात लावला. पुरुषांच्या बाजूला अनंतराव हातातल्या शिऱ्याच्या द्रोणाकडे पाहत बसले होते. आज आपलं काय ऐकायला मिळणार याचा त्यांना अंदाज होता आणि त्याला त्यांची तयारीही होती. यमुताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

“शोधखात्यात नंबर लागो दुसरा की तिसरा,
अनंतराव घरात पहिले, बाकी सारं विसरा.”

“वा,” रामाजी म्हणाले, “हे नाव झालं. आता तर हे वेबसाइटवर टाकाच, अनंतराव.”

अनंतरावांनी मान हलवली. मग द्रोणातला शिरा संपवला. यमुताईंच्या साइटवर आज त्यांचे यच्चयावत उखाणे आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर का होईना, शोधणाऱ्याला सापडतात. हा एक मात्र तिथं नाही. त्यातलं ‘अनंतराव’ काढून कुणीही आपल्या नवऱ्याचं नाव घालून वापरला असता, आणि अनंतरावांना ते नको होतं.